वाशिमहून मुंबई: किती दूर, किती वेळ?

वाशिमहून मुंबई विमानाने किती दूर, असे गावाकडचे लोक मला नेहमी विचारतात. विमानांच्या उड्डाणांचे नियोजन हा माझा व्यवसाय. सरळ रेषेत ४६० किलोमीटरच्या आसपास, हे सांगायला क्षणही लागत नाही. वेळेचा हिशेब मात्र बसून करावा लागतो.

वेळेच्या हिशेबाशी या गावाचे नाते जुने आहे. वाशिम म्हणजे वाकाटक राजांचे वत्सगुल्म. सातव्या शतकात पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरील गावे सांगितली. त्यांत अवंतीबरोबर या नगराचेही नाव आहे. त्या रेषेपासून आपले गाव किती योजने पूर्वेला वा पश्चिमेला, यावरून ज्योतिषी ग्रहगणितातली वेळ सुधारून घेत. या मध्यरेषेची आठवण करून देणारे मध्यमेश्वराचे मंदिर आजही गावात आहे. आजच्या मोजणीने वाशिम उज्जैनच्या, म्हणजे अवंतीच्या, सव्वा अंशाहून थोडे जास्त पूर्वेला येते. दोन्हीकडच्या सूर्याच्या वेळेत पाच-साडेपाच मिनिटांचा फरक. त्या काळच्या साधनांनी इतके जवळ पोहोचणे मला थोर वाटते. सूर्याला वाशिमच्या माथ्यावरून मुंबईच्या माथ्यावर यायला १७ मिनिटे लागतात.

विमानाला इतके सोपे नाही. १६ एप्रिल २०२५ला अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईची सेवा सुरू झाली, एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाने. अंतर ५४० किलोमीटर, वेग ताशी सुमारे ५००. भागाकार ६५ मिनिटांचा, आणि वेळापत्रकात पावणेदोन तासांच्या आसपास. कारण वेळापत्रक विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचे. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि आकाशात रांग लागते. त्यात वारा. पावसाळ्यात खालच्या थरांत पश्चिमेचा जोर असतो आणि एटीआर त्याच थरांतून जाते. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर मुंबईकडे जाताना ७० मिनिटे, परतताना ६०.

मग अकोल्याहूनच विमान का नाही? अकोल्याचा शिवणी विमानतळ वाशिमपासून सरळ रेषेत ६६ किलोमीटर, बेलोरा जवळपास १००. पण शिवणीची धावपट्टी १४०० मीटरच्या आसपास, बेलोऱ्याची १८५०. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ला टेकतो, तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि त्याच वजनाला जास्त धावावे लागते. धावपट्टी आखूड असेल तर प्रवासी कमी घ्यावे लागतात, आणि मग तिकिटांच्या पैशांत फेरी परवडत नाही. शिवणीच्या विस्ताराची मागणी म्हणूनच रास्त आहे.

तोवर वाशिमकराचा वेळ जमिनीवरच जातो. कारंज्यामार्गे बेलोऱ्यापर्यंत दोन-अडीच तास, उड्डाणाआधीचा तास, विमानातले पावणेदोन, पुढे मुंबईतली वाहतूक. सहा-सात तास झालेच. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५पासून नागपूर ते मुंबई असा पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला आहे आणि तो आपल्या जिल्ह्यातूनच जातो. जिल्ह्यातल्या शेलूबाजारला महामार्गावर चढलेली गाडी जवळपास तेवढ्याच वेळात मुंबईच्या वेशीवर येते. हवेतली दहा मिनिटे वाचवायला आम्ही नकाशे पालथे घालतो. वाशिमच्या स्थानकावरून बेलोऱ्याच्या उड्डाणाची वेळ धरून एक थेट एसटी सुटली, तर प्रवाशाचा त्याहून कितीतरी जास्त वेळ वाचेल. ही मागणी मी जिथे संधी मिळेल तिथे मांडतो आहे.