नदीची रात्र

इन्स्पेक्टर दुपारी वर्गावर आले की मुले कशी शहाण्यासारखी बसतात, हे आम्हां मास्तरांना ठाऊक असते. शेवाळाने भरलेली नदीही तशीच. दुपारी तिचे पाणी बाटलीत भरून न्या. उन्हात शेवाळाने सोडलेल्या प्राणवायूमुळे ती ठणठणीत ठरेल! रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेते. आपण अभ्यंगस्नानाला उठतो, त्या सुमारास नदीचा श्वास सर्वांत अपुरा असतो. मासे गुदमरतात तेही तेव्हाच.

लेलंड क्लार्क यांनी १९५६ साली रक्तातला प्राणवायू मोजणारे साधन जगापुढे मांडले. त्याची भावंडे आता नदीत रात्रंदिवस जागतात. पण काही आठवड्यांत त्यांच्यावरही शेवाळ चढते आणि ती खोटे सांगू लागतात. मग कुणीतरी पाण्यात उतरून ती पुसतो, ठाऊक असलेल्या मापाशी ताडून पाहतो. मला कौतुक वाटते ते त्या पुसणाऱ्या हाताचे.