‘हॅव’ आणि भोसल्यांचा घाट

काशीत गंगेच्या काठी नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला घाट आहे. १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, तरी घाट भोसल्यांचाच म्हणवला जातो. या ‘चा’मध्ये मालकीपेक्षा बांधणाऱ्याची ओळख आहे. ‘हॅव’ हे इंग्रजी क्रियापद शिकताना मराठी माणसाची अडचण नेमकी अशा वेगवेगळ्या नात्यांपाशी सुरू होते. शाळेत त्याचा अर्थ ‘जवळ असणे’ असा पाठ होतो. पण आपल्या भाषेत ‘असणे’ एकटे फिरत नाही, नाते कोणते ते विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय सांगते. नावाड्याकडे होडी असते, त्याला दोन भाऊ असतात, घाटाला पायऱ्या असतात, पोहणाऱ्याच्या अंगात बळ असते. इंग्रजी या चारही ठिकाणी ‘हॅव’ म्हणते. शिवाय गंगेत स्नान करणे, काठावर चहा घेणे, गाडीच्या वेळेला निघावे लागणे, घाट पाहिलेला असणे, हेही त्याच शब्दाने सांगते.

नवशिक्याला एक सोपा अर्थ दिला तर काय बिघडले, असे विचारले जाईल. पहिल्या दिवशी काही बिघडत नाही. पण ‘जवळ असणे’पासून ‘जावे लागणे’पर्यंत पोचायला त्या अर्थातून वाट नाही, म्हणून विद्यार्थी पुढची प्रत्येक वाक्यरचना अपवाद समजून घोकतो. दुसरा आक्षेप उलट टोकाचा: ज्या भाषेत ‘हॅव’ नाही, तिचे लोक मालकीबद्दल उदासीन असणार. हेही खरे नाही. संस्कृत, हिंदी, रशियन या भाषाही हे काम मुख्यतः ‘असणे’वरच भागवतात आणि वतन, इनाम, हिस्सा यांसाठी मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या तंटे झाले आहेत. व्याकरणावरून स्वभाव ठरत नाही. व्याकरण एवढेच करते की बोलताना काय स्पष्ट सांगावे लागेल ते ठरवते. मराठी नात्याचा प्रकार सांगायला लावते. इंग्रजी तो पुढच्या शब्दांवर सोपवते.

म्हणून ‘हॅव’समोर एक मराठी शब्द लिहून वही मिटू नये. होडी, भाऊ, पायऱ्या, स्नान, निघणे अशी पाच-सहा पुरी वाक्ये शेजारी शेजारी लिहावीत आणि प्रत्येकात मराठी काय वेगळे म्हणते ते मुलांनाच शोधू द्यावे. इंग्रजी तर येईलच. आपले ‘ला’, ‘कडे’ आणि ‘चा’ किती काम करतात, तेही कळेल.