जमिनीपासूनची उंची

पुण्यात नातूबागेजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले की मी अडकित्त्यांपाशी सगळ्यांत जास्त वेळ थांबते. कुणाचा घोडा झालेला, कुणाचा पोपट, कुणाचा मोर. काहींचे दोन दांडे म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. हे जोडप्याचे अडकित्ते मला विशेष प्रिय आहेत, कारण ते घडवणाऱ्यानं आकाराबरोबर हालचालही योजलेली आहे. सुपारी पात्याखाली धरून दांडे दाबले की ती दोघं एकमेकांजवळ येतात, सुपारी फुटते, मूठ सैल झाली की पुन्हा लांब जातात. पानाच्या तबकाशी बसलेल्या कुणाच्या तरी हातात हे दिवसातून कितीदा घडत असेल! काचेआड मात्र ती दोघं एकाच जागी थांबलेली असतात, आणि उरलेली हालचाल आपल्याला मनातल्या मनात पुरी करावी लागते.

जवळच वज्र्या आहेत, अंघोळीच्या वेळी टाचा घासायच्या. खालची बाजू खरखरीत, रेघारेघांची. वरच्या बाजूला पक्षी, हत्ती, कुठे आत खडे घालून नाद आणलेला. एवढी कारागिरी पाय घासायच्या वस्तूवर कशासाठी, असं पाहणारे हमखास म्हणतात. मला त्याचं उत्तर बसण्यात दिसतं. न्हाणीत पाटावर बसून, मान खाली घालून टाच घासणाऱ्या बाईच्या डोळ्यांपासून ती वज्री हातभर अंतरावर असे. तो पक्षी तिच्यासाठीच होता. आपण आज उभे राहून काचेतून त्याच्याकडे बाजूनं बघतो, तेव्हा तो थोडा अनोळखी वाटला तर नवल नाही.

संग्रहालयांची दालनं सगळ्या वस्तू उभ्या माणसाच्या नजरेला आणून ठेवतात. त्यात त्यांचा दोष नाही. माणसं तिथे चालत चालतच पाहणार. पण आपल्या जुन्या घरातल्या बहुतेक सुंदर वस्तू बसलेल्या माणसासाठी घडल्या होत्या, तेही जमिनीवर बसलेल्या. पाट दोन-तीन बोटं उंच, चौरंग वीतभर. बैठकीवर गादी, लोड, तक्के. भिंतीत कोनाडे आणि फडताळं, म्हणून कपाटांची गरज थोडीच. वाड्याच्या माडीवरच्या खिडक्यासुद्धा पुष्कळदा इतक्या खालपासून सुरू होतात की बैठकीवर बसल्या बसल्या रस्ता दिसावा. अशा खोलीत फर्निचर म्हणावं असं काही जवळपास नसतंच. लाकडावरचं सगळं कोरीवकाम खोलीच्या अंगावरच असतं: सुरूच्या खांबांवर, केळफुलांवर, दाराच्या गणेशपट्टीवर.

केळकर संग्रहालयात कोथरूडचा मस्तानी महाल आणून पुन्हा उभारला आहे. तिथे मी चक्क खाली वाकते, गुडघ्यांवर बसण्याइतकी. पाच फुटांवरून जो खांब नुसता नक्षीदार दिसतो, तो दोन फुटांवरून पाहिला की वर वर चढत जातो, छत दूर जातं, खोली मोठी होते. खोलीची मापं त्या नजरेला जुळवून घेतलेली आहेत, असं तेव्हा मला अगदी जाणवतं. लामणदिव्यांचंही तेच. साखळीच्या कड्यांमधून उतरत येणारे मोर आणि हत्ती खालून वर पाहणाऱ्यासाठी आहेत. देवापुढे बसलेल्याच्या डोक्यावर ती साखळी असायची.

हे सगळं वाचवलं ते दिनकर गंगाधर केळकरांनी. 1896 साली जन्मलेला हा माणूस चष्म्यांच्या धंद्यातला, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणारा. 1920च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला आणि त्याच्या नावानं हा संग्रह वाढत राहिला. पुढे त्यांनी तो महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. आज त्यात 20,000हून अधिक वस्तू आहेत, त्यांतला थोडाच भाग मांडलेला असतो. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ होते. केळकर समया, करंडे, फणेरपेट्या, दौती आणि शेवयांचे सोरे शोधत गावोगाव फिरले. मोडीत जाणाऱ्या पितळेत त्यांना घर दिसलं. या एका गोष्टीसाठी मला त्यांच्याबद्दल जी कृतज्ञता वाटते, ती फार थोड्या इतिहासकारांबद्दल वाटते.

मुंबईत गेलं की चित्र पालटतं. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये लोकांसाठी खुलं झालं, आणि तिथली जुनी लाकडी प्रदर्शन-कपाटं स्वतःच एकोणिसाव्या शतकातल्या सुतारकामाचा नमुना आहेत. बरेच लोक आतलं पाहतात आणि कपाट विसरतात. याच शतकात मुंबईत काळ्या शिसवीचं ते प्रसिद्ध फर्निचर घडत होतं. सोफे, खुर्च्या, गोल मेजं, लिहिण्याची टेबलं. घाट युरोपीय आणि अंगभर आपली पानं-फुलं, वेली, सिंह, पक्षी. एक बोट ठेवायला रिकामी जागा नाही. पुष्कळांना ते जड आणि अती वाटतं. मला त्यात एक धांदल दिसते आणि तीच आवडते. पिढ्यान् पिढ्या खांबांवर आणि दारांवर जे कोरलं, ते सगळं सुतारानं या नव्या, चार पायांच्या, हलवता येणाऱ्या वस्तूवर एकदम ओतलं. खोलीच्या अंगावरची नक्षी खुर्चीच्या अंगावर आली.

गोव्यात हे दोनशे वर्षं आधी घडून गेलं होतं. सतराव्या शतकात तिथे घडलेली खणाखणांची कपाटं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. सागावर आबनूस आणि हस्तिदंत यांचं जडावकाम, आणि काही कपाटांना पायांच्या जागी नागकन्या. कपाट पोर्तुगीज घरासाठी, भार पेलणाऱ्या मात्र इथल्या. ते करणारा कारागीर स्वतः जमिनीवर बसून, लाकूड पायांच्या बोटांत पकडून काम करत असणार; आपल्याकडचे सुतार तसेच काम करत आले आहेत. ज्या उंचीवर तो स्वतः कधी बसला नसेल, त्या उंचीसाठी तो घडवत होता.

खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण दीड फूट. एवढ्यानं घरात काय काय बदललं, याचा विचार करत मी शिसवी खुर्च्यांसमोर उभी राहते. खुर्चीवरच्या माणसासमोर खाली बसलेला माणूस एकाएकी लहान झाला. पाय लोंबकळायला लागले, जोडे घरात आले, पानाच्या तबकाला मेज लागलं, भिंतीवरच्या तसबिरी वर सरकल्या. आणि हे सगळं आधी दिवाणखान्यात झालं, पुरुषांच्या खोलीत. माजघर आणि स्वयंपाकघर खालीच राहिलं. विळी, जातं, पोळपाट, रवी, चूल, सगळं जमिनीशी. उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा बहुतेक मराठी घरांत आला तो विसाव्या शतकात, तोही एकदम सगळीकडे नाही. म्हणजे एकाच छपराखाली कित्येक वर्षं दोन उंच्या नांदत होत्या, आणि कोण कुठल्या उंचीवर बसतं हे ठरलेलं होतं.

संग्रहालयांत मात्र या दोन उंच्यांची ताटातूट झाली आहे. खुर्ची ‘फर्निचर’ म्हणून एका शहरात, विळी ‘घरगुती वस्तू’ म्हणून दुसऱ्या शहरात. खुर्चीच्या पाटीवर लाकूड, शैली, शतक. विळीच्या पाटीवर तर पुष्कळदा नुसतं नाव. पितळी कोंबड्याच्या नाहीतर मोराच्या आकाराची, पात्याच्या टोकाला खोबरं खवायची दातेरी खवणी असलेली विळी ही आकाराच्या दृष्टीनं कुठल्याही खुर्चीहून कमी विचारपूर्वक केलेली वस्तू नाही. तीही माणूस बसतो अशीच वस्तू आहे: पाय मुडपून, एका गुडघ्यानं पाट दाबून धरून.

माझी फार दिवसांची एक इच्छा आहे. एखाद्या दालनात एकोणिसाव्या शतकातलं एकच घर मांडावं. पुढे शिसवी खुर्ची, मागे माजघरातली विळी, मधे उंबरा, वर लामणदिवा, आणि प्रत्येक वस्तू ती वापरली जायची त्याच उंचीवर, चौथरा न देता. पाटीवर लाकूड आणि शतक यांच्याबरोबर तिथे कोण बसायचं तेही लिहावं. आणि पाहणाऱ्यांसाठी एका बाजूला खुर्ची, दुसऱ्या बाजूला साधी सतरंजी. खर्च फारसा नाही, जागाही एका खोलीचीच लागेल. वस्तू आपल्याकडे आहेतच. केळकरांनी त्या केव्हाच आणून ठेवल्या आहेत.