मेलेल्या पेशींचा देखणा फोटो

आमच्या विभागाच्या कॉरिडॉरमध्ये तो फोटो फ्रेम करून लावलाय. काळ्याभोर पार्श्वभूमीवर हेला पेशींची केंद्रकं लालबुंद पेटलेली. पाहुणे आले की सर त्यांना तिथे हमखास थांबवतात. मला मात्र दरवेळी चीड येते, कारण त्यातली एकही पेशी धड जिवंत नाही.

रंगद्रव्य माझंच. मधे रुथेनियम, डीपीपीझेड हा सपाट लिगँड, आणि पेशीत शिरता यावं म्हणून बायपिरिडिनना लावलेल्या तेलकट साखळ्या. या घराण्यातलं मूळ संयुग पाण्यात जवळजवळ चमकतच नाही. डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरलं की उजळतं. जॅकलिन बार्टन, जाँ-पिएर सोवाज आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे दाखवलं. निळा प्रकाश घेऊन लाल देणं, चमक शेकडो नॅनोसेकंद टिकणं वगैरे गुण प्रत्येक पेपरच्या पहिल्या परिच्छेदात असतात, ते सोडते.

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली सुरुवातीला दिसलं ते असं: केंद्रक काळं, भोवती मंद लाल ठिपके. सिग्नल कमी, म्हणून लेसर वाढवला आणि तोच भाग पुन्हा पुन्हा स्कॅन केला. हळूहळू पेशींच्या कडांना फोड आले, ठिपके फुटून रंग आतभर पसरला आणि मग केंद्रकं भसकन उजळली. झूम कमी केला तर काय, स्कॅन केलेल्या भागात मेलेल्या पेशींचा अगदी काटकोनी चौकोन! रेषेपलीकडच्या शेजारणी ठिपक्यांसकट शाबूत. त्यांच्या पोटातही तेच संयुग होतं, फक्त लेसर पडला नव्हता. प्रकाश शोषलेलं संयुग आपली ऊर्जा ऑक्सिजनला देतं आणि तो चेकाळलेला ऑक्सिजन पडदे जाळतो. पडदे गेले की केंद्रकाची वाट मोकळी.

मीटिंगमध्ये मी म्हटलं, “सर, ह्या मेल्यात.”

“अगं, पण कॉन्ट्रास्ट बघ!”

पेपरमध्ये चौकोनाचा फोटो पुरवणीत गेला, तोही तिकिटाएवढा. मुख्य फोटोखाली ‘जिवंत पेशी’ हे शब्द तसेच राहिले. डिशमध्ये रंग टाकला तेव्हा जिवंत होत्या ना, हा युक्तिवाद! परीक्षकांपैकी एकानेही लेसर किती होता हे विचारलं नाही. चकाकतं केंद्रक दिसलं की आधी हेच विचारावं: किती प्रकाश, किती वेळा, आणि मेलेल्या पेशींतच शिरणारा दुसरा रंग लावून पाहिला का? मिथेनॉलने पेशी फिक्स करून, म्हणजे आधीच मारून, घेतलेल्या फोटोंवर तर बोलायलाच नको.

आता गंमत अशी की हे मारणंच कोणाला तरी हवं असतं. टीएलडी-१४३३ हे रुथेनियमचं संयुग मूत्राशयात भरून, हिरवा प्रकाश टाकून कर्करोगाच्या पेशी मारण्याच्या चाचण्या माणसांवर झाल्या आहेत. माझा नवा प्रकल्पही त्याच वाटेवरचा. अर्जात पहिलाच फोटो चौकोनाचा टाकू म्हटलं, तर सर लगेच “उत्तम!” म्हणाले. इतक्या सहज म्हणाले, याचाही रागच आला.