विनोदी चित्रपट आणि आमच्या काकू

चित्रपटांविषयीं लिहिण्याचा आम्हांस कोणताही अधिकार नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आम्ही त्या शास्त्राचे अभ्यासक नव्हे, कीं त्या धंद्यांतले जाणकारही नव्हे. रविवारीं सवड मिळाली म्हणजे तिकीट काढून बसावें, पोटभर हंसावें, आणि घरीं परततांना 'बरा होता' किंवा 'पैसे पाण्यांत गेले' एवढा अभिप्राय द्यावा, इतकाच आमचा या कलेशीं संबंध. परंतु विनोदी चित्रपटांविषयीं मात्र आमचीं मतें पुष्कळ वर्षें फार ठाम होतीं. तीं कशीं चुकीचीं ठरलीं आणि कोणी ठरविलीं, हें सांगितल्यास, दोन-तीन पिढ्या एका छपराखालीं नांदणाऱ्या घरांतील वाचकांस तें अगदींच निरुपयोगी वाटणार नाहीं, अशी आशा आहे.

आमचें कॉलेजचें शिक्षण पुण्यास झालें. १९८० च्या सुमारास तेथील एका चित्रपटप्रेमी मंडळांत आम्हीं चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' (१९३१) आणि कीटनचा 'द जनरल' (१९२६) हे मूकपट पाहिले, आणि विनोद म्हणजे काय हें आपणांस कळलें असा आमचा समज झाला. पुढें १९८३ सालीं कुंदन शहा यांचा 'जाने भी दो यारों' आला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अल्प पैशांत काढलेला तो चित्रपट. मुंबईतील दोन गरीब छायाचित्रकार बिल्डरांची लबाडी उघडकीस आणूं पाहतात, एक प्रेत घेऊन धांवत सुटतात, तें प्रेत द्रौपदीच्या वेषांत महाभारताच्या नाटकांत येऊन उभें राहतें, प्रेक्षक हंसून बेजार होतात; आणि अखेरीस शिक्षा होते ती त्या दोघां निरपराध्यांना! ज्या हंसण्याच्या शेवटीं घशांत कांहीं तरी अडकतें तोच खरा विनोद, असें सूत्र आम्हीं त्या दिवशीं बांधलें, आणि बाकीचे सारे विनोदी चित्रपट 'बाजारी' या एका सदरांत टाकून मोकळे झालों.

वास्तविक आमच्या घरची परंपरा अशी सोंवळी नव्हती. वडील आपल्या बाळपणच्या 'ब्रह्मचारी'च्या (१९३८) आठवणी रंगवून सांगत. अत्र्यांची कथा, मास्टर विनायकांचें दिग्दर्शन, आणि ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करून बसलेल्या औदुंबराची ती फजीती! पुढच्याच वर्षीं आलेल्या 'ब्रँडीची बाटली'त ब्रँडी म्हणजे काय हें मुळींच ठाऊक नसलेला भोळा बगाराम ती शोधीत वणवण हिंडतो. त्या भूमिकेंतील दामुअण्णा मालवणकरांची नक्कल वडील जेवतांना करीत. हे दोन्ही चित्रपट कांहीं मूठभर रसिकांसाठीं काढलेले नव्हते. लोकांनीं गर्दी करावी म्हणूनच काढलेले होते. तरी त्यांत आपल्याच समाजांतील ढोंगावर आणि भाबडेपणावर बोट होतें. परंतु तो झरा आतां आटला, असें आम्ही म्हणत असूं. 'धूमधडाका' (१९८५) चालल्यावर मराठींत विनोदी चित्रपटांची जी रांग लागली, तिच्याकडे बोट दाखवून आम्ही वडिलांस निरुत्तर करीत असूं.

अशांत १९८८ सालीं सचिन पिळगांवकर यांचा 'अशी ही बनवाबनवी' आला. आम्ही तेव्हां सांगलीच्या वाड्यांत परत येऊन एका कॉलेजांत शिकवीत होतों. कथानक कोणास सांगावयास नको. पुण्यांत चार तरुणांना जागा मिळत नाहीं. वृद्ध घरमालकीण बिऱ्हाड देणार तें केवळ जोडप्यांना. म्हणून चौघांतील दोघे लुगडीं नेसून दुसऱ्या दोघांच्या बायका होतात. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटांतली. पण वसंत सबनिसांच्या लेखणीनें ती पुण्याच्या मातींत अशी रुजली कीं परकी वाटूंच नये. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचीं वाक्यें घरोघर पाठ झालीं. आमच्या घरच्या सर्व स्त्रिया एके दुपारीं हा चित्रपट पाहून आल्या, आणि त्यांच्यांत काकूही होत्या.

काकूंविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे. आमचे धाकटे काका १९५४ सालीं विषमज्वरानें वारले, तेव्हां काकूंचें वय तेवीस होतें. मूलबाळ नव्हतें, माहेरीं भावाचाच संसार कसाबसा चालला होता. तेव्हांपासून त्या आमच्या स्वयंपाकघरांत होत्या. घर सुशिक्षित होतें, त्यामुळें कोणी त्यांना टाकून बोलत नसे. परंतु दूध नासलें, किल्ली हरवली, मुलीचें जमत आलेलें लग्न फिसकटलें, कीं आजीची नजर आधीं काकूंकडे वळे. ती नजर आम्हां मुलांनींही पाहिली होती, आणि मुलें अशा गोष्टी फार लवकर शिकतात. काकू मोठ्यानें बोलल्याचें आम्हांस आठवत नव्हतें. मोठ्यानें हंसल्याचें तर नाहींच.

त्या दिवशीं रात्रीं पानावर बसलों असतां काकू भात वाढीत होत्या. वहिनींनीं चित्रपटांतील एका प्रसंगाची आठवण काढली, आणि काकूंना हंसूं आवरेना. हातांतील वाढणें ताटांत पडलें, पदर तोंडाला लावून त्या भिंतीला टेकल्या, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हंसत राहिल्या. सारें घर त्यांच्याकडे पाहत होतें. आम्हांस मात्र ती आपली विद्वत्ता दाखविण्याची संधि वाटली. 'पुरुषांनीं लुगडीं नेसलीं कीं ज्यांना हंसूं येतें, त्यांच्यासाठीं आणखी चांगला विनोद कोण कशाला करील?' असें आम्ही म्हणालों. काकूंचें हंसणें तेथेंच थांबलें. त्यांनीं पदर सांवरला, खालीं पडलेलें वाढणें उचललें आणि भात वाढला. पुढें घरच्या मंडळींनीं किती वेळां आग्रह केला, तरी त्या चित्रपटाला म्हणून गेल्या नाहींत. 'मला त्यांतलं कांहीं कळत नाहीं हो,' असें म्हणत.

आमचें तें वाक्य अज्ञानाचेंही होतें, हें पुढें ध्यानांत आलें. १९१३ सालीं फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्यें तारामती झालेले अण्णा साळुंके हे पुरुषच होते. १९१७ च्या 'लंकादहना'त तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीं एकट्यानें केल्या. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त (२००९) ही सारी धडपड मोठ्या गोड विनोदानें दाखविली आहे. म्हणजे लुगडें नेसलेला पुरुष हा आपल्या चित्रपटाच्या जन्मापासूनचा सोबती. पण अज्ञानापेक्षां मोठा दोष आमच्या वाक्यांत होता, आणि तो समजण्यास आणखी वीस वर्षें लागलीं.

२००८ सालीं उमेश कुलकर्णी यांचा 'वळू' आला. पुण्याच्या चित्रपटसंस्थेंत शिकलेल्या या तरुण दिग्दर्शकाचा हा पहिला मोठा चित्रपट. आमच्या सूत्रांत अगदीं चपखल बसणारा. म्हणून दुसऱ्या वर्षीं त्याची तबकडी आणून आम्हीं सर्व घरास सक्तीनें तो दाखविला. काकू तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांना ऐकूं कमी येई, म्हणून टीव्हीच्या अगदीं जवळ खुर्ची ठेवून बसविलें.

देवाला सोडलेला एक वळू, डुरक्या. गांवांत कांहीं बिघडलें कीं तें डुरक्यानेंच केलें, असें ठरलेलें. कोणाचें नुकसान झालें, डुरक्या; कोणाची लबाडी लपवावयाची, तरी डुरक्याच. त्याला पकडण्यासाठीं वनखात्याचा अधिकारी येतो, आणि त्याच्याभोंवतीं गांवचें राजकारण, मानापमान आणि भोळेपणा यांचा एक गोंधळ उडतो. मुलें खदखदून हंसत होतीं. आम्ही मधून मधून दिग्दर्शकाचें कौशल्य समजावून सांगत होतों. काकू मात्र मुळींच हंसल्या नाहींत. चित्रपट संपल्यावर आम्हीं विचारलें, 'काकू, आवडला नाहीं का?'

त्या म्हणाल्या, 'आवडला तर. अरे, आपल्या घरांतला डुरक्या मीच होतें कीं!'

त्यांच्या आवाजांत तक्रार नव्हती. हवापाण्याविषयीं बोलावें तशा त्या बोलल्या. आम्ही गप्प झालों. कांहीं वेळानें त्या पुन्हां म्हणाल्या, 'मामंजींच्या घड्याळाची कांच तुला आठवते का?'

आठवत होती. १९६७ सालीं, आमच्या सातव्या वर्षीं, आजोबांच्या भिंतीवरील घड्याळाची कांच आमच्या चेंडूनें फुटली होती. 'हिचाच झाडू लागला असेल,' असें आजी म्हणाली, आणि आम्ही दाराआड उभे राहून तें ऐकलें. काकूही कांहीं बोलल्या नाहींत, आणि आम्हीही बोललों नाहीं. इतक्या वर्षांत हें कोणास ठाऊक असेल अशी शंकाही आम्हांस कधीं आली नव्हती.

'तुमच्या लक्षांत आलें होतें?' आम्हीं विचारलें.

'चेंडू तुझ्या खिशांत होता. मलाच दिसला.'

'मग तुम्ही बोललां कां नाहीं?'

'तुला मार बसला असता. माझ्या खात्यावर एक जास्त लागल्यानं मला काय होणार होतं?'

चार दिवसांनीं, आपण होऊन, काकूंनीं 'तो लुगड्यांचा सिनेमा' पुन्हां पाहण्याची इच्छा सांगितली. सारें घर जमलें. ज्या प्रसंगाला एकवीस वर्षांपूर्वीं त्या हंसल्या होत्या, त्याच प्रसंगाला पुन्हां तशाच हंसल्या. या वेळीं आम्हीं नम्रपणें विचारलें कीं, यांत त्यांना एवढें काय आवडतें? त्यांनीं दिलेलें उत्तर आम्हीं त्यानंतर पुष्कळदां आठवलें आहे. 'घर सुटूं नये म्हणून त्या पोरांनीं सोंग घेतलं. पदर ढळूं नये, आवाज चढूं नये, कोणाला कांहीं कळूं नये. मी तरी दुसरं काय केलं? त्यांना रात्रीं दार लावून लुगडं फेडतां येत होतं, एवढाच काय तो फरक.'

आम्ही सूत्र बांधलें होतें कीं हंसण्याच्या शेवटीं घशांत कांहीं अडकलें तरच तो खरा विनोद. काकूंचा घसा आधींच भरलेला होता; त्या हंसल्या ती मोकळीक होती. तीस-पस्तीस वर्षें मनांत कोंडलेली भीति कोणी तरी पडद्यावर उघडपणें मांडली होती, आणि तिला हंसण्याची सर्वांदेखत परवानगी मिळाली होती. ती परवानगी आम्हीं एका वाक्यांत काढून घेतली. आणि ज्या चित्रपटाला आम्ही 'खरा विनोद' म्हणून मान डोलवीत होतों, त्यांतील घाव आमच्याच घरावर होता, हें आम्हांस दिसलें नव्हतें; आम्हीं तो खेडवळांवरचा विनोद समजून पाहिला होता.

त्या दिवसापासून आमचीं मतें थोडीं सैल झालीं आहेत. बाजारी चित्रपटांत कचरा पुष्कळ असतो, हें आम्ही आजही म्हणूं. एकाच विनोदाला दहा वेळां पिळणें, जाड माणूस, तोतरा माणूस, काळी मुलगी यांनाच हंसत बसणें, हें आम्हांस रुचत नाहीं. कारण ज्याला आधींच सारे हंसतात त्याला आणखी हंसण्यांत शहाणपण तें कोणतें? उलट छोट्या, स्वतंत्र चित्रपटांतही दोष नसतात असें नाहीं. कित्येकदां त्यांतील विनोद इतका जपून केलेला असतो कीं हंसावें कीं नाहीं, हें शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवावें लागतें. पण 'देऊळ'सारखा (२०११) चित्रपट, ज्यांत गांवाला दवाखाना हवा असतांना देवस्थानाचा बाजार उभा राहतो, तो पाहतांना आम्हांस हंसूं आलें आणि लाजही वाटली. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. तरीही 'देऊळ' थोर म्हणून 'बनवाबनवी' हलका, असें म्हणण्याची छाती आतां आमची होत नाहीं. पहिला आपलें वागणें आपल्यापुढें धरतो, दुसरा मनावरचें ओझें घटकाभर उतरवितो. आणि घरांत या दोहोंची गरज असलेलीं माणसें एकाच पंगतींत जेवत असतात.

काकू २०१४ सालीं गेल्या. आतां आमच्या घरांतही जो तो आपापल्या फोनमध्यें पाहून आपापल्याशींच हंसतो. मुलांना त्याबद्दल उपदेश करण्याचा आमचा विचार नाहीं. उपदेशाचें फळ आम्हीं एकदां पाहिलें आहे. मात्र टीव्हीवर 'बनवाबनवी' लागला म्हणजे आम्ही दिवाणखान्यांत जाऊन बसतों, आणि हळूंहळूं एक एक जण येऊन बसतो. परवां आमची धाकटी सून त्या लुगड्यांच्या प्रसंगाला खळखळून हंसली, आणि आमच्याकडे लक्ष जातांच संकोचून थांबली. आम्हांस तो भाताचा दिवस आठवला. 'हंस, मुली, हंस,' आम्ही म्हणालों, 'या घरांत या जागीं हंसण्याची वहिवाट आहे.'