दुबलगुंडीची पंचमी आणि नूडलचा स्वेटर

हैदराबादहून मुंबईच्या रस्त्याने निघालं की झहीराबादनंतर कर्नाटकाची हद्द लागते आणि पुढे हुमनाबाद येतं. आमचं दुबलगुंडी त्याच तालुक्यात, बीदर जिल्ह्यात. 2017 मध्ये बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाल्यापासून हुमनाबादला गाडीनेही उतरता येतं. 1956 ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि हुमनाबाद, भालकी, औराद म्हैसूर राज्यात आले. त्यामुळे आमच्या निम्म्या आत्या महाराष्ट्रात आणि निम्म्या कर्नाटकात. घरात मराठी, शेतात कन्नड, बाजारात दख्खनी हिंदी. कुठलं वाक्य कुठल्या भाषेत संपेल याचा नेम नाही.

2025 ची नागपंचमी 29 जुलैला होती. अमेरिकेतल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते, म्हणून चुलतभाऊ, वहिनी आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा आले होते. मीही माहेरपणाला गेले. आमच्याकडे आदल्या दिवशी भावासाठी उपास. पंचमीला विळी-सुरी बंद, तवा चढत नाही, जमीन उकरायची नाही. पुरणाचे दिंड उकडायचे, ज्वारीच्या लाह्या फोडायच्या, लिंबाला झोका बांधायचा आणि वारुळाला पुजून यायचं. साप दूध पीत नाही हे काकूला ठाऊक आहे. "पीत नसंल, आपण द्यायचं," एवढंच ती म्हणते.

आता भाच्याबद्दल. त्याच्याकडे पाळलेला साप आहे. बॉल पायथॉन नावाचा आफ्रिकेतला बिनविषारी अजगर, साडेतीन फुटांचा. त्याचं नाव नूडल. काचेच्या पेटीत उबेसाठी दिवा, जेवायला फ्रीजरमधला उंदीर, तोही वितळवून. (वहिनीचा फ्रीजर वेगळा आहे, हे तिने आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं.) आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे नाग, धामण किंवा आपला अजगर घरात ठेवणं गुन्हा आहे. तिकडे नूडलसारखे साप दुकानात मिळतात.

काकूचे हात कधी रिकामे नसतात. हुमनाबादच्या बाजारातून लोकर आणायची आणि टीव्ही बघत विणायचं. व्हिडिओ कॉलवर नूडल दिसला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "तिकडं बर्फ पडतो की रे, त्याला थंडी वाजत नाही?" मग माप मागून घेतलं आणि मोज्यासारखं चार सुयांवर लाल-पिवळं विणायला घेतलं.

इथे माझ्यातली इंजिनियर जागी झाली. म्हटलं, काकू, स्वेटर ऊब तयार करत नाही, अंगातली ऊब धरून ठेवतो. सापाला स्वतःची ऊब नाही, तो ती बाहेरून घेतो. स्वेटर घातला तर दिव्याची ऊबसुद्धा त्याच्यापर्यंत उशिरा पोचेल. काकूने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वीतभर झालंय आता. घातलेले टाके मधी सोडत नाहीत." सुलट, उलट, सुलट, उलट चालूच राहिलं.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. गोठ्यामागे कडब्याची गंजी आहे, तिथून भाच्याचा आनंदाने ओरडलेला आवाज आला, "पायथॉन!" आणि लगेच सालगड्याचा, "मुट्टबेड!" हात लावू नको. पोराला कन्नड येत नाही, पण सालगड्याने कॉलर धरून त्याला मागे ओढलं होतं. कुकरची शिट्टी सुटावी तसा फुत्कार मी ओसरीवरून ऐकला. ती घोणस होती. जाड अंग, पाठीवर साखळीसारखे तपकिरी गोल. अजगराचं पिल्लू समजून लोक तिला हात लावतात आणि चावून घेतात. नूडल हाताळणाऱ्या पोराला तर ती ओळखीचीच वाटली. थोड्या वेळाने ती बांधाकडे निघून गेली. कुणी काठी उचलली नाही.

रात्री काकांनी धोतर वर करून पोराला पाय दाखवला. वीस वर्षांपूर्वी तुरीत त्यांना घोणसच चावली होती. आधी मंत्र घालणाऱ्याकडे नेलं, त्यात अर्धा दिवस गेला. मग दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं आणि नळी कलती केली. रक्त गोठलं नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. घोणशीचं विष तेच करतं. प्रतिविष दिलं, पण मूत्रपिंडं बिघडली होती, कित्येक आठवडे डायलिसिस करावं लागलं. काका वाचले. पिंडरीचा खड्डा मात्र राहिला. पोराने त्यावर बोट ठेवून बघितलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला 58 हजार. बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, फक्त ते वेळेत मिळायला हवं. कर्नाटकाने फेब्रुवारी 2024 मध्ये सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं दवाखान्यांना बंधनकारक केलं. गावी जाणाऱ्या मुलांनो, एवढं ध्यानात ठेवा: करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट दवाखाना.

बाकी घरच्या बातम्या. निलंग्याच्या आत्याच्या नातीचं लग्न ठरलंय. गोठ्यामागे दिवा लागला. भावाने जाताना सालगड्याला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेऊन दिले, ते तो फक्त पाहुणे आले की घालतो. आणि नूडलचा स्वेटर अमेरिकेला पोचला. नूडलने तो घातलेला नाही. पोरगं मफलर म्हणून शाळेत घालून जातं.