फोटोतला माणूस प्यायलेला नव्हता

दोन वर्षांपूर्वी मी एक बातमी लावली होती, 'बसस्थानकात मद्यपींचा उच्छाद'. सोबत फोटो. फलाट तीनच्या बाकड्यावर आडवा पडलेला माणूस, तोंडातून लाळ, लुंगी सुटलेली. बातमी गाजली. त्याच आठवड्यात स्टँडवरच्या चार-पाच जणांना हुसकून लावलं. मी खूश.

तो माणूस प्यायलेला नव्हता. हे मला गेल्या महिन्यात कळलं, म्हणून ही पोस्ट.

पहाटे पेपरचे गठ्ठे उतरवून घ्यायला मी स्टँडवर जातो. तिथे सगळे त्यांना मामा म्हणतात. पूर्वी हमाली करायचे. दारू होती, खोटं कशाला सांगू. त्यातच घर सुटलं आणि लिव्हर सिरोसिस झाला. पण तीन वर्षांपासून थेंब नाही, चहावाला शपथेवर सांगतो. गेल्या महिन्यात एका पहाटे ते मला ओळखेनात. पोट माठासारखं फुगलेलं, हात पुढे धरले की पंजे फडफडायचे. कंट्रोलर म्हणाले, "साहेब, लागलीय त्याला." मलाही तेच वाटलं. चहावाल्याने हट्ट धरला म्हणून रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. लिव्हर काम करेनासं झालं की आतड्यात तयार होणारा अमोनिया वगैरे रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो. माणूस बरळतो, झोकांड्या खातो, दिवसा झोपतो नि रात्री जागतो. बघणाऱ्याला वाटतं प्यायलाय. त्यावर लॅक्ट्युलोज नावाचं गोड, पातळ औषध असतं. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हावं, एवढंच त्याचं काम.

मामांच्या पिशवीत ती बाटली होती. जवळपास भरलेली.

शुद्धीवर आल्यावर विचारलं, का घेतलं नाही? म्हणाले, "भाऊ, संडासला एका टायमाला दहा रुपये. आन् रात्री दहाला कुलूप. औषध घेऊन जाऊ कुठं?"

मी वीस वर्षं बातमीदारी करतोय. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पोटातलं पाणी उतरायची गोळी होती, तीही बंद केलेली, कारण तिनं सारखी लघवीला लागते.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय: मीठ कमी, थोडं थोडं वारंवार खाणे, रात्री झोपताना काहीतरी खाणे. सिरोसिसमध्ये रात्रभर उपाशी राहिलं की अंगावरचं मांस झडत जातं, म्हणून. मामा खातात काय? आपण वाढदिवसाला वाटतो तो वडापाव, कुणाकडचा उरलेला मसालेभात, लोणचं. सगळं मिठाचं. फरशीवर झोपून अंग ठणकतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी घेतात. या आजारात ती किडनीवर जाते, पोटात रक्तस्रावही होऊ शकतो. मेडिकलवाल्याला काय माहीत, समोर कोण उभाय.

जुनी फाईल, सोनोग्राफी, आधार, सगळं एका अतिक्रमण मोहिमेत गाठोड्यासकट उचललं गेलं. महात्मा फुले योजनेसाठी कागद लागतात. कागद ट्रॉलीत गेले.

निवाऱ्याचं बघितलं. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमात १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा, चोवीस तास उघडा निवारा होता. आमचं गाव लाखाच्या आतलं. म्हणजे आमच्याकडे बेघर असूच शकत नाहीत, असा हिशेब! २०११च्या जनगणनेत देशात साडेसतरा लाखांवर बेघर मोजले गेले होते. त्यात मामांसारखे कितीजण सुटले असतील, देव जाणे.

दारू पिऊन लिव्हर घालवलं, भोगा आता, असं काहीजण कमेंटमध्ये लिहिणार. लिहा. कावीळ बी आणि सी मुळेही सिरोसिस होतो, आणि बाकड्यावर झोपणाऱ्याला संडासची अडचण दोघांनाही सारखीच.

मामा परत फलाट तीनवर आहेत. मी माफी मागितली. त्यांना ती बातमी माहीतच नव्हती, म्हणाले, "फोटू बरा आला होता का?"

सोमवारी ११ वाजता मुख्याधिकाऱ्यांना निवेदन देतोय. मागण्या दोनच: स्टँडजवळचा संडास रात्रभर उघडा आणि आजारी बेघरांना फुकट, अतिक्रमण काढताना औषधं नि कागदपत्रं जप्त करायची नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी या. चहावाला दुकान बंद ठेवून येतोय.